मोजलेले शब्द आणि लूसीचा पिवळा खडू

मे २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स या अमेरिकी माणसाने रॅपर मंडळींच्या शब्दसंग्रहाची मोजदाद केली. पद्धत सोपी होती. प्रत्येकाच्या गाण्यांतले सुरुवातीचे ३५,००० शब्द घ्यायचे आणि त्यांत एकमेकांपासून वेगळे असे शब्द किती निघतात, ते कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचं. ३५,००० शब्द म्हणजे साधारण तीन ते पाच अल्बम. तुलनेसाठी शेक्सपिअरच्या सात नाटकांतले प्रत्येकी पहिले ५,००० शब्द आणि मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीतले पहिले ३५,००० शब्दही याच हिशोबाने मोजले. शेक्सपिअर ५,१७० वर थांबला, मेल्व्हिल ६,०२२ वर. वू-टँग क्लॅन या रॅपरांच्या चमूतला जीझा गेला ६,४२६ पर्यंत. साहजिकच ‘रॅपरने शेक्सपिअरला मागे टाकलं’ अशी हवा झाली.

तक्त्याच्या पहिल्या रूपात एसॉप रॉक हा रॅपर नव्हताच. फारशा लोकांना तो माहीत नसेल असं धरून डॅनियल्सने त्याला वगळलं होतं. चाहत्यांनी गिल्ला केला की हा माणूस मोजला तर पहिलाच येईल. मोजला, आणि आला. ७,३९२ वेगळे शब्द. बाकीच्यांपासून इतका लांब की रेषेच्या टोकाला तो एकटाच उभा दिसत होता. दुसऱ्या टोकाला डीएमएक्स, ३,२१४ शब्दांवर. तक्त्यातल्या ८५ जणांत सगळ्यात कमी.

मला या प्रकरणात रस वाटतो तो आकड्यांपेक्षा त्यांच्या वापरामुळे. ‘लिहिणाऱ्याने जड शब्द वापरावेत की साधे’ हा वाद जुनाच आहे. या तक्त्याने एका बाजूच्या हातात दाखला दिला. जास्त शब्द म्हणजे जास्त मोठा कवी, असं थेट कोणी म्हणत नाही, पण मनात तेच असतं. दुसऱ्या बाजूलाही दाखला मिळाला: बघा, सगळ्यात कमी शब्दांचा डीएमएक्स किती प्रचंड खपला. दोन्ही दाखले मला कच्चे वाटतात. पण त्यांच्या मधोमध एक गाणं आहे, आणि ते तक्त्याच्या टोकावर बसलेल्या माणसाचंच आहे.

आधी मोजणीबद्दल

डॅनियल्सने स्वतःच सांगितलं होतं की एकाच शब्दाची चार रूपं चार वेगळे शब्द म्हणून धरली आहेत. शेवटचा ‘जी’ गिळून उच्चारलेलं क्रियापद वेगळं आणि न गिळलेलं वेगळं. इंग्रजीत याने फार बिघडत नाही. हीच पद्धत मराठीला लावून बघा. घर, घरी, घरात, घराला, घरच्यांनी, घराघरांतून. झाले सहा. या हिशोबाने आपल्याकडचं कॉलेजातलं कुठलंही पोर सकाळच्या चहाआधी शेक्सपिअरला ओलांडून जाईल, आणि त्याला एकही अवघड शब्द वापरावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट बोलीची. वू-टँग क्लॅनचे आकडे मोठे आहेत, पण ते शब्दकोश चाळून आलेले नाहीत. ही मंडळी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची. कुंग-फू सिनेमे बघून त्यांनी आपल्या बेटाचं नाव शाओलिन ठेवलं. गल्लीतली भाषा, बुद्धिबळ, सिनेमे आणि फाइव्ह पर्सेंटर पंथाची परिभाषा यांची सरमिसळ करून त्यांनी एक बोली उभी केली. बाहेरच्याला ती दुर्बोध वाटते. शेजारच्या पोराला ती रोजचीच. मोजणाऱ्या यंत्राला मात्र कोशातून उचललेला शब्द आणि गल्लीतून आलेला शब्द यांत फरक दिसत नाही. म्हणजे हा तक्ता ‘अवघडपणा’ मोजतो असं म्हणणंच चूक आहे. तो फक्त विविधता मोजतो, तीही ढोबळ.

आणि तिसरी बाजू पैशाची. रॅपर जे-झीने २००३ च्या ‘द ब्लॅक अल्बम’मधल्या एका गाण्यात उघड कबुली दिली आहे की श्रोत्यांसाठी आपण लेखन सोपं केलं आणि कमाई दुप्पट झाली, कसबाला भाव असता तर आपण तालिब क्वेली या रॅपरसारखं लिहिलं असतं. डॅनियल्सने आपल्या लेखात याच ओळींचा दाखला दिला होता. या ओळी ऐकून पुष्कळांचा असा ग्रह होतो की सोपं लिहिणं ही तडजोड आहे, बाजारासाठी केलेली. हा ग्रह मला खटकतो. साधं लिहिणं म्हणजे पाणी घालणं, हे जे-झीच्या एका गाण्यापुरतं खरं असेल. सगळीकडे लावायचं कारण नाही.

३,२१४ शब्दांत काय बसतं

डीएमएक्स न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सचा. १९९८ या एकाच वर्षात त्याचे दोन अल्बम आले आणि दोन्ही अमेरिकेच्या खपाच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. पहिले पाच अल्बम असेच उतरले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला, पन्नाशीत.

त्याच्या पहिल्या अल्बमवरचं ‘डेमियन’ ऐका. अडचणीत सापडलेला एक तरुण रक्षणकर्त्याची वाट बघतो आहे, आणि कोणीतरी येऊन म्हणतं, मी आहे ना. दोन्ही आवाज डीएमएक्सचेच. पाहुण्याचा आवाज जरा पातळ, लाडिक. तो आधी देत सुटतो: पैसा, गाड्या, नाव. मग एक काम सांगतो. मग आणखी एक, आणि हे काम आपल्याच मित्राला मारण्याचं. तरुण कचरतो तेव्हा पाहुणा त्याला शब्दाची आठवण करून देतो. सैतानाशी केलेला सौदा ही गोष्ट जुनीच आहे, पण ती इथे तत्त्वज्ञान न सांगता घडते. उपकार, उपकाराची परतफेड, परतफेडीचा तगादा, अशा चढत्या पायऱ्यांनी. या गोष्टीला लागणारे शब्द पाचवीतल्या मुलाला येतात. भीती शब्दांमध्ये नाहीच, ती पाहुण्याच्या बदलत जाणाऱ्या स्वरात आहे. तिथे एखादा भारदस्त शब्द टाकला असता तर ऐकणाऱ्याचं लक्ष स्वरावरून शब्दावर गेलं असतं आणि गाणं पडलं असतं.

याच डीएमएक्सने १९९९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात नजर पोचणार नाही एवढ्या गर्दीसमोर गायलं. तो अर्धी ओळ टाकायचा, उरलेली अर्धी लोक पूर्ण करायचे. उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचताना आवाजाचा निम्मा तपशील गळून जातो. तिथे तगतात ते छोटे, ठोकलेले शब्द. म्हणजे शब्दांची निवड जागेनेही ठरते.

मग डीएमएक्स मोठा आणि एसॉप रॉक नुसता पोपटपंची करणारा, असं म्हणायचं का? तेही नाही.

पावणेतीन सेकंद

रॅपचं कडवं बहुतेक वेळा १६ बारचं असतं, एका बारला चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांची मध्यम लय धरली तर एक बार जेमतेम पावणेतीन सेकंदांचा, आणि सबंध कडवं सुमारे ४३ सेकंदांत संपतं. वाचकाला मागे वळता येतं, ओळीवर बोट ठेवून थांबता येतं. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. एका शब्दाशी तो अडखळला की पुढचा बार हातातून गेलेला असतो, त्याच्या पुढचा अर्धवट कळतो, आणि अशा तीन-चार ठेचा लागल्या की तो अर्थाचा नाद सोडून फक्त नाद ऐकू लागतो. हेही एक ऐकणंच आहे, आणि त्यात मजा आहे. पण ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याला हा तोटा परवडत नाही.

लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात न येण्याचं कारण साधं आहे. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं. स्वतःचं कडवं पहिल्यांदा ऐकण्याची सोय कोणालाच नसते.

लूसी

सप्टेंबर २००१ मध्ये एसॉप रॉकचा ‘लेबर डेज’ हा अल्बम आला. काम, नोकरी, आणि नोकरीबाहेरचं आपलं खरं काम, असा त्याचा विषय. अल्बमभर त्याची नेहमीची पद्धत आहे: प्रतिमेवर प्रतिमा, वाक्य सुरू होतं एकीकडे आणि संपतं तिसरीकडे, ओळीच्या पोटात तीन-तीन यमकं. चाहतेसुद्धा काही ओळींवर अजून भांडतात. आणि मध्येच ‘नो रिग्रेट्स’ लागतं.

तीन कडवी. पहिल्यात लूसी सात वर्षांची, दुसऱ्यात सदतीस, तिसऱ्यात सत्त्याऐंशी. प्रत्येक कडवं तिच्या नावाने आणि वयानेच उघडतं. सातव्या वर्षी तिच्या केसांत निळ्या क्लिपा आहेत आणि हातात पिवळा खडू, त्याने ती रस्त्यावर चित्रं काढते. सदतिसाव्या वर्षी ती माणसांपासून थोडी अलिप्त झालेली, तळघरातल्या खोलीत राहते. निळ्या क्लिपांच्या जागी आता लांब केस एका चापात अडकवलेले, पिवळ्या खडूच्या जागी कोळशाच्या कांड्या.

इथे जरा थांबू, कारण सगळी कारागिरी या दोन बदलांत आहे. तीस वर्षं गेली हे सांगायला वयाच्या आकड्यापलीकडे त्याने काळावर एक शब्दही खर्च केलेला नाही. मुलीची बाई झाली हे केसांवरून कळतं. छंदाचा ध्यास झाला हे खडूवरून कळतं, कारण खडू कुठल्याही पोराच्या हातात असतो, कोळसा घेऊन चित्रकारच बसतो. शिवाय खडूचं चित्र पावसात जातं आणि ते काढायला रस्ता लागतो, चारचौघांत बसावं लागतं. कोळशाला कागद लागतो, बंद खोली लागते. अलिप्तपणा त्याने आधी एका शब्दात सांगितला आणि लगेच हातातली वस्तू बदलून दाखवलाही.

तिसऱ्या कडव्यात लूसी वृद्धाश्रमात शेवटच्या अंथरुणावर आहे. ती म्हणते त्याचा सारांश असा की मी आयुष्यात कधी स्वप्न पाहिलं नाही. जे करायचं असतं पण केलेलं नसतं त्याला स्वप्न म्हणतात, आणि मला जे करायचं होतं ते मी संपेपर्यंत करत राहिले. हा सुविचार पहिल्याच कडव्यात आला असता तर कॅलेंडरवरच्या वाक्यासारखा वाटला असता. ऐंशी वर्षं खडू आणि कोळसा पाहून झाल्यावर तो लूसीचा होतो.

ज्याच्याकडे सात हजारांवर शब्द पडून आहेत त्याने हे गाणं असं लिहिलं, ही या प्रकरणातली खरी बातमी. त्याला साधंच जमत होतं म्हणून नव्हे. कानाची गंमतही त्याने सोडलेली नाही. ओळींच्या टोकांना यमकं पक्की आहेत, आत अनुप्रास आहेत. फक्त कुठलाही शब्द लूसीच्या पुढे उभा राहत नाही.

मराठीत करून पाहू

दुसऱ्यांच्या ओळींवर बोलणं सोपं असतं, म्हणून दोन तुकडे स्वतःच रचले. पहिला अशा धाटणीचा, जी हल्ली तरुण मुलांच्या कडव्यांत आणि कवितांत नेहमी भेटते:

अस्तित्वाच्या अंगारात अंतर्मनाचं अग्निहोत्र,
शब्दशस्त्रं शाणित माझी, सृजनाचं मी स्वयंस्तोत्र,
विवंचनेच्या वावटळीत विवेकाचा वारसा,
काळोखाच्या कॅनव्हासवर कर्तृत्वाचा आरसा.

वाचायला झोकदार आहे. तालावरही बसतं. पण चार ओळींत माणूस नाही, जागा नाही, वेळ नाही. बोलणारा विरारचा की वाईचा, पोटाला काय करतो, कशाने भडकला आहे, काही कळत नाही. ‘विवंचना’ कसली ते विचारलं तर लिहिणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही, कारण ती ‘वावटळी’मुळे आलेली आहे. शब्दाने शब्द ओढून आणला आणि विचार मागे राहिला. यातली कुठलीही ओळ उचलून कुठल्याही कडव्यात घाला, खपून जाईल.

आता दुसरा:

पहाटे चारला आई उठते, बापाचा भरते डबा,
चाळ अजून झोपलेली, नळावर एकच हंडा उभा.
पहिली गाडी चुकली तर दिवसाचा पडतो खाडा,
त्या खाड्याचा हिशोब माझ्या फीमधून काढा.

ही काही थोर कविता नव्हे. पण यात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. ‘खाडा’ हा शब्द महिन्याच्या पगारावर वाढलेल्या सगळ्याच मुलांना ठाऊक असेल असं नाही. रोजंदारीवर ज्यांचं घर चाललं त्यांच्या तो अंगवळणी पडलेला असतो. तेव्हा हाही एका अर्थी अवघड शब्दच. तरी तो अडत नाही, कारण त्याच्याआधी चुकलेली गाडी आहे आणि त्याच्यानंतर फी. दोन्ही बाजूंनी गोष्टीने त्याला धरलं आहे. ज्याला शब्द ठाऊक नव्हता त्याला तो इथे कळतो, आणि ज्याला ठाऊक होता त्याला आपल्या घरातलं कोणीतरी बोलल्यासारखं वाटतं. यमकही त्याच शब्दावर आहे, म्हणजे तालाचा सगळा जोर तिथेच पडतो.

‘अग्निहोत्र’ हा शब्द वाईट आहे असं कोण म्हणेल? अग्निहोत्र करणाऱ्या घरातला मुलगा भल्या पहाटेच्या धुराबद्दल लिहील तेव्हा तो शब्द ‘खाडा’इतकाच जिवंत असेल. माझी तक्रार शब्द कुठून आला याबद्दल आहे. तो किती जड आहे याबद्दल नाही.

मोरोपंतांची बाजू

शब्दांचा दिमाख हाच जिथे खेळ असतो, तिथे वेगळा न्याय लावावा लागतो. रॅपमध्ये एकमेकांना आव्हान देऊन लढायची परंपरा आहे. तिथे ‘माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त शब्द आहेत’ हाच मजकूर असतो. पण तिथेही समोरच्या गर्दीला टोला कळावा लागतो. कळला नाही तर आरोळी उठत नाही, आणि आरोळी उठली नाही तर डाव गेला.

आपल्याकडे बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) हा दिमाख टोकाला नेला. ओठ न लावता म्हणता येईल असं, म्हणजे प-फ-ब-भ-म वगळून, त्यांनी निरोष्ठ रामायण रचलं. यमकांची त्यांची हौस तर प्रसिद्धच. तरी ‘आर्या मयूरपंताची’ हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी ओवी आणि अभंगाच्या बरोबरीने बसले. ते कसं? मला वाटतं, त्यात कीर्तनकारांचा मोठा वाटा आहे. बुवा आर्या म्हणायचे, मग थांबून ती उलगडायचे, दृष्टान्त द्यायचे आणि पुन्हा म्हणायचे. दुसऱ्यांदा ऐकताना तीच आर्या मोकळी झालेली असायची. श्रोत्याला अवघड काव्य एकट्याने झेलावं लागत नव्हतं.

एसॉप रॉकच्या पिढीला बुवांच्या जागी रॅप जीनियस ही वेबसाइट मिळाली, २००९ पासून. गाण्याच्या ओळी समोर, आणि ओळीवर टिचकी मारली की कोणा चाहत्याने लिहिलेला उलगडा. गंमत म्हणजे डॅनियल्सने मोजायला घेतलेला मजकूर तिथूनच घेतला होता. गच्च लिहिणाऱ्याला असा कोणी उलगडणारा लागतोच. तो नसेल, आणि गाणं रिक्षात, जिममध्ये, भांडी घासताना एकदाच कानावर पडणार असेल, तर उलगडण्याचं काम कडव्यालाच करावं लागतं.

पंधरा वर्षांनी

डॅनियल्सने २०१९ मध्ये तक्ता नव्या नावांसह पुन्हा काढला. एसॉप रॉक तरीही पहिलाच राहिला. मधल्या काळात, २०१६ मध्ये, त्याचा ‘द इम्पॉसिबल किड’ आला होता. त्यात मांजराच्या पिल्लावर गाणं आहे, दोन भावांवर एक आहे, आणि ‘रिंग्ज’ आहे. एसॉप रॉक बोस्टन विद्यापीठात चित्रकला शिकलेला. लूसीचा खडू त्याने उगाच निवडला नव्हता. ‘रिंग्ज’मध्ये तो सांगतो की आपण पूर्वी चित्रं काढायचो आणि हे कबूल करणं जड जातं. गाणं उघडतं याच एका वाक्याने. त्यात समजायला अवघड असा एक शब्द नाही. त्यानंतर मात्र तो सुटतो: व्यक्तिचित्रण, रंग, अवजारं, स्टुडिओतली परिभाषा, सगळी त्याची नेहमीची गर्दी. आणि मग एकदम पुन्हा साधा होतो. एक आठवडा ब्रशला हात लागत नाही, मग दोन आठवडे, तीन, मग महिना, आणि मग उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देण्यात.

‘नो रिग्रेट्स’ सबंध साधं आहे. ‘रिंग्ज’ तसं नाही, आणि म्हणूनच लिहिणाऱ्याने ते जास्त बारकाईने ऐकावं. साधी वाक्यं त्याने नेमकी कुठे ठेवली आहेत ते बघावं: एक दारात, म्हणजे आपण कोणाच्या घरी आलो ते कळावं; आणि एक तिथे, जिथे सगळ्यात जास्त दुखतं. मधल्या गर्दीतले किती शब्द पहिल्या ऐकण्यात माझ्या हाती लागले नाहीत याची यादी केली तर ती लांबलचक होईल. या माणसाने चित्रं काढणं सोडलं आणि ते त्याला अजून सलतंय, एवढं कळायला मात्र गाणं दुसऱ्यांदा लावावं लागलं नाही.